पातळी आणि पडसाद : स्त्रीचं मन, हार्मोन आणि मेंदू



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे त्या डॉक्टरीणबाईंनी आयुष्यभर या तालुक्यात बाळंतपणं केली. या सभागृहात त्यांच्या हातावर जन्मलेली माणसं बरीच असतील. अशा व्यक्तीच्या नावानं बोलायला मनोविकाराच्या डॉक्टरला बोलावणं हे आयोजकांचं थोडं धाडसच आहे. बाळंतपणाचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर यांची आपल्याकडे फारशी गाठ पडत नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली की एकाचं काम संपतं, आणि दुसऱ्याकडे ती बाई पोचतच नाही. आजचा विषय या दोघांच्या मध्ये पडून राहिलेला आहे.

मूळ कोडं साधं आहे. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात उदासीनतेच्या आजाराचं, म्हणजे डिप्रेशनचं, प्रमाण जवळपास सारखं असतं. मुली वयात येतात तिथून ते बदलू लागतं, आणि पुढची तीन-चार दशकं बाईला हा आजार होण्याचं प्रमाण पुरुषाच्या साधारण दुप्पट राहतं. देशोदेशीच्या पाहण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्यातही तीन वळणांवर मन जास्त घसरतं : पाळीआधीचे दिवस, बाळंतपणानंतरचे महिने आणि पाळी जाण्याच्या आसपासची वर्षं. तिन्ही ठिकाणी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन वरखाली होतात. मग हार्मोनचा संबंध असणार हे सांगायला संशोधक कशाला हवा, असं कुणीही म्हणेल.

पण संबंध कसला? घराघरांत याची दोन उत्तरं तयार असतात. ‘हार्मोनमुळे होतंय, होईल आपोआप बरं’ हे एक. ‘मनाचे खेळ आहेत, आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ हे दुसरं. पहिल्या उत्तरात तिचं मन हिशेबात नाही, दुसऱ्यात तिचं शरीर. गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनानं ही दोन्ही उत्तरं मोडीत काढली आहेत. ती कशी, हे आज सांगायचं आहे.

आधी थोडं मागं जाऊ. बाईच्या मनाचं दुखणं तिच्या ओटीपोटात शोधायची सवय फार जुनी आहे. गर्भाशय जागा सोडून अंगभर भटकतं आणि त्यानं बाईला झटके येतात, अशी प्राचीन ग्रीक वैद्यांची समजूत होती. एकोणिसाव्या शतकात या समजुतीच्या हाती शस्त्र आलं. १८७२मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या सर्जननं एका तरुणीचे बीजांडकोश काढले, आणि पुढं चिडचिड, झटके, ‘वेडेपणा’ अशा कारणांसाठी निरोगी बीजांडकोश काढण्याची टूमच निघाली. त्याच शतकात, १८५८मध्ये, पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से यानं गरोदर आणि बाळंत बायकांच्या मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यात त्यानं रोग्यांकडे नीट पाहून नोंदी केल्या होत्या. पण वैद्यकानं पुढची अनेक दशकं मार्सेला बाजूला ठेवलं आणि शस्त्र हाती धरलं. कापणाऱ्या आणि न कापणाऱ्या डॉक्टरांचं गृहीत मात्र एकच होतं : दोष हार्मोन बनवणाऱ्या अवयवात आहे, म्हणजे आजारी बाईचं हार्मोन जास्त तरी असणार किंवा कमी तरी.

हे गृहीत तपासून पाहायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथं त्यांची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे. तिथं डेव्हिड रुबिनो आणि पीटर श्मिट यांनी अनेक वर्षं पाळीआधीच्या त्रासाचा अभ्यास केला. मी बोलतेय तो त्रास म्हणजे थोडीशी चिडचिड आणि पोटात दुखणं नव्हे. दर महिन्याला आठ-दहा दिवस जीव नकोसा होणं, घरातल्यांवर तुटून पडणं, रडू न आवरणं, आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळणं, असा हा आजार आहे. अमेरिकन मनोविकार परिषदेच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान २०१३मध्ये मिळालं.

या मंडळींनी आधी रक्त तपासलं. त्रास असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या हार्मोनच्या पातळीत ठाम असा फरक मिळेना. मग त्यांनी जो प्रयोग केला तो १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. ल्युप्रोलाइड या औषधानं बीजांडकोशाचं काम काही काळ थांबवता येतं. असा त्रास असलेल्या २० बायकांपैकी निम्म्यांना हे औषध दिलं आणि निम्म्यांना नुसतं दिसायला औषध. खऱ्या औषधानं त्रास कमी झाला. इथवर बॅटीला आनंद वाटला असता. पण प्रयोग पुढं गेला. ज्या दहा जणींना बरं वाटलं त्यांना तेच औषध चालू ठेवून वरून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन पाळीपाळीनं चार-चार आठवडे दिली, आणि त्रास परत आला. अगदी हीच औषधं, याच मात्रेत, कधीही त्रास नसलेल्या १५ बायकांना दिली. त्यांच्या मनावर काहीही परिणाम झाला नाही.

या निकालाचा अर्थ नीट लावला पाहिजे. दोन्ही गटांच्या रक्तात तेच हार्मोन आणि तितकंच. एकीचं मन ढासळतं, दुसरीचं जागचं हलत नाही. म्हणजे फरक हार्मोनमध्ये नाही. हार्मोनचा निरोप ज्या मेंदूत पोचतो तिथं तो आहे. पातळी सारखी, पडसाद वेगळा. याच गटानं २०१७मध्ये आणखी एक बारकावा पुढं आणला. हार्मोन सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात त्रास उसळतो, पण तीच पातळी पुढं स्थिर ठेवली तर तो ओसरतो. म्हणजे या मेंदूंना खुपतो तो बदल. त्याच वर्षी अशा बायकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या, तेव्हा हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या एका समूहाचं काम त्यांच्यात निराळं चालतं असं आढळलं. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. मनाशी ज्यांचा काही संबंध नाही अशा पेशीसुद्धा वेगळ्या वागत होत्या.

बाळंतपणाबाबत असाच प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणात ही दोन्ही हार्मोन कित्येक पटींनी चढतात आणि वार पडल्यावर काही दिवसांत कोसळतात. हा चढ-उतार संशोधकांनी १६ बायकांच्या शरीरात औषधांनी मुद्दाम घडवला. गर्भ नाही, बाळ नाही, रात्रीची जागरणं नाहीत. फक्त आठ आठवडे हार्मोनची चढती पातळी आणि मग ती काढून घेणं. कुठल्या आठवड्यात काय चाललंय हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर डिप्रेशन येऊन गेलेलं होतं, आठ जणींना नव्हतं. पहिल्या गटातल्या पाच जणींचं मन पुन्हा खचलं. दुसऱ्या गटातल्या एकीचंही नाही. संख्या लहान आहे, आणि लहान प्रयोगाला त्याच्या मापातच तोललं पाहिजे. पण बाळंतिणीचं मन खचायला फक्त सासर, जागरण किंवा तिचा स्वभाव कारणीभूत असतो, असं यापुढं म्हणता येत नाही.

आता मेंदूच्या आत जाऊ. फार वर्षं असं मानलं जाई की ही हार्मोन मेंदूत येतात ती केवळ प्रजननाचं काम बघायला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८मध्ये दाखवलं की स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातही ताणाच्या हार्मोनला पकडून ठेवणाऱ्या जागा आहेत. १९९०मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत कॅथरीन वूली आणि एलिझाबेथ गूल्ड यांनी माद्या उंदरांचा हिप्पोकॅम्पस ऋतुचक्राच्या वेगवेगळ्या दिवशी तपासला. चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, आणि त्यांच्यावर दुसऱ्या पेशींशी सांधे जुळतात. चार-पाच दिवसांच्या त्या चक्रात या काट्यांची दाटी सुमारे ३० टक्क्यांनी वरखाली होत होती. प्रौढ मेंदूची घडण एकदा ठरली की ठरली, असं शिकलेल्या आमच्या पिढीला हे पचायला जड गेलं.

दुसरा धागा प्रोजेस्टेरॉनचा. हान्स सेल्ये यांनी १९४१मध्येच पाहिलं होतं की हे हार्मोन मोठ्या मात्रेत दिलं तर उंदीर गुंगून पडतो. कारण कळायला पंचेचाळीस वर्षं गेली. प्रोजेस्टेरॉनचं शरीरात विघटन होऊन अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य तयार होतं. मेंदूची उत्तेजना आवरणारं, म्हणजे ब्रेकचं काम करणारं एक रसायन आहे, गाबा. हे द्रव्य गाबाच्या ग्राहकाला चिकटून तो ब्रेक अधिक जोरानं लावतं, हे मारिया मायेव्स्का आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये दाखवलं. गरोदरपणात हे द्रव्य भरपूर असतं. मग मेंदू काय करतो? तो जुळवून घेतो, या ग्राहकांची संख्या कमी करतो. बाळंत झाल्यावर द्रव्य अचानक नाहीसं होतं, आणि ग्राहकांनी चपळाईनं पूर्वपदावर यायला हवं. जेमी मॅग्वायर आणि इस्तवान मोडी यांनी २००८मध्ये असे उंदीर तपासले ज्यांच्यात या ग्राहकाचा एक ठरावीक घटकच नव्हता, त्यामुळे हे जुळवून घेणं जमत नव्हतं. एरवी त्या माद्या ठीक असत. व्यायल्यावर मात्र त्या निपचित होत, पिलांची हेळसांड करत.

या धाग्याच्या टोकाला औषध मिळालं. शिरेतून ६० तास द्यायचं ब्रेक्सानोलोन हे खास बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठीचं पहिलं औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०१९मध्ये मंजूर केलं. ऑगस्ट २०२३मध्ये त्याच जातीची झुरानोलोन ही १४ दिवस घ्यायची गोळी मंजूर झाली. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात. इथं काही दिवसांत फरक पडतो. प्रयोगशाळेतल्या कुतूहलातून बाळंतिणीच्या उशाशी पोचलेलं असं काम माझ्या क्षेत्रात फार थोडं आहे. किंमतही ऐका : पहिलं औषध आलं तेव्हा त्याच्या एका उपचाराला सुमारे ३४ हजार डॉलर लागत. या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी एक प्रश्न. सेल्येंचं निरीक्षण १९४१चं आणि औषध २०१९चं. इतका उशीर का? रसायनशास्त्र अवघड होतं हे खरं. पण बाईच्या मेंदूकडे पाहायचंच नाही असं विज्ञानानं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. माद्यांचं ऋतुचक्र आकडेवारी बिघडवतं म्हणून प्रयोग नरांवर करायचे, ही प्रयोगशाळांची रीत होती. अ‍ॅनेलिस बीरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी २००९ सालचे शोधनिबंध चाळले. मेंदूविज्ञानात फक्त माद्यांवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास निघाले. पुढं झुकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या २९३ निबंधांतली मोजमापं पुन्हा तपासली, तेव्हा २०१४मध्ये कळलं की माद्यांच्या मोजमापांत नरांपेक्षा जास्त चढ-उतार मुळात नसतातच. काही बाबतींत नरच अधिक लहरी निघाले!

माणसांच्या बाबतीतही तेच. थॅलिडोमाइडच्या भयानक अनुभवानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७७मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला की औषधं पुरुषांवर तपासली गेली आणि बायकांनी गिळली. १९९३मध्ये हे धोरण बदललं, पण मागची बाकी फिटायला वेळ लागतो. झोल्पिडेम ही झोपेची गोळी घ्या. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, त्यामुळे सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल उरतो. म्हणून बायकांसाठी मात्रा निम्मी करा, असा आदेश निघायला २०१३ साल उजाडलं. तोवर ही गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती.

अलीकडे चित्र पालटतंय. एल्सेलीन हुकझेमा आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींच्या मेंदूचे गरोदरपणाआधी आणि नंतर एमआरआय काढले. त्यांचा निबंध आला आणि वर्तमानपत्रांनी मथळे दिले : गरोदरपणात मेंदू आकसतो. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला लागणाऱ्या भागांतला करडा थर पातळ झाला होता, आणि दोन वर्षांनंतरही तो बदल टिकून होता, हे खरं. पण हा ऱ्हास नव्हे. किशोरवयातही मेंदू असाच काटछाट करून कामाला तयार होतो. ज्या आयांमध्ये हा बदल अधिक, त्यांची बाळाशी जवळीकही अधिक दिसली. २०२४मध्ये याहून नवलाचा अभ्यास आला. एलिझाबेथ क्रॅस्टिल या मेंदूसंशोधक बाईंनी गर्भ राहण्याआधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत स्वतःच्याच मेंदूचे २६ वेळा फोटो काढून घेतले. गरोदरपणात मेंदू आठवड्या-आठवड्याला कसा बदलतो याचा तो पहिला नकाशा. आपल्या सगळ्यांच्या आया या बदलातून गेल्या, आणि नकाशा निघाला परवा.

आता बेथेस्डाहून थेट म्हापशाला येऊ. इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गोव्यात १९९६मध्ये संगात ही संस्था उभी राहिली. तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल मूळचे मुंबईचे. त्यांनी मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांच्याबरोबर म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. २७० आयांचा हा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी यांतल्या २३ टक्के जणींना डिप्रेशन होतं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. आणि या आजारी आयांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं, म्हणजे हार्मोन कोसळण्याच्या कितीतरी आधी.

कारणं शोधली तेव्हा गरिबी निघाली, नवऱ्याशी बिघडलेले संबंध निघाले. आणि निघालं बाळाचं लिंग. उपासमार किंवा नवऱ्याचा मार यांचा आईच्या मनावर किती घाव पडणार, हे मुलगा झाला की मुलगी यावर बदलत होतं. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन कोसळतं ते मुलगा झाला म्हणून कमी कोसळत नाही. मग एका खाटेवरची आई सावरते आणि शेजारच्या खाटेवरची खचते, यात घराचा वाटा केवढा, ते म्हापशानं आकड्यांत दाखवलं.

इथं काही श्रोते म्हणतील, म्हणजे अखेर कारण सामाजिकच. हार्मोनची इतकी कथा कशाला सांगितली? मला हे मान्य नाही. बेथेस्डा आणि म्हापसा एकमेकांना खोडत नाहीत. बेथेस्डानं दाखवलं की काही मेंदू या बदलाला हळवे असतात. म्हापशानं दाखवलं की हा बदल कुठल्या घरात घडतो त्यावर पुढचं ठरतं. आणि घरातला ताण मेंदूबाहेर थांबत नाही. भीती, भूक, मार यांनी ताणाच्या हार्मोनची यंत्रणा सतत जागी राहते, आणि तिला जिथं पकड मिळते असा एक भाग म्हणजे तोच हिप्पोकॅम्पस, जिथं इस्ट्रोजेनमुळे काटे उगवतात आणि गळतात. शरीर आणि संसार अशी आपण केलेली वाटणी मेंदूला ठाऊक नाही.

या आजाराची किंमत बाळही मोजतं. त्याच गोव्यातल्या पाठपुराव्यात, २००३च्या निबंधात, दिसलं की खचलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनानं आणि उंचीनं मागं होती. कुपोषणावर आपण इतका खर्च करतो. बाळाला भरवणारे हात का गळाले आहेत, हे विचारायला त्यात एक रकाना नसतो.

सबंध देशाचं सांगायचं तर २०१७मध्ये ३८ अभ्यास एकत्र केले गेले, आणि वीस हजारांवर आयांच्या माहितीतून प्रमाण निघालं २२ टक्के. पाचांतली एक! आणि या बायका ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत येत नाहीत. माझ्यासमोर बसून त्या सांगतात : अंगात कणकण आहे, डोकं भणभणतं, हातापायांतलं त्राण गेलं, काळीज उगीच धडधडतं, बाळाला घ्यावंसं वाटत नाही. शेवटचं वाक्य अगदी हळू येतं, कारण आपल्याकडे त्या वाक्याला क्षमा नाही. ओल्या बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू देतो, अळीव देतो, शेक-शेगडी देतो. पण ‘तुला कसं वाटतंय’ हा प्रश्न बहुधा बाळाच्या दुधासाठी विचारलेला असतो.

आता त्या ३४ हजार डॉलरकडे. अशा औषधाची वाट पाहत बसायचं का? पाकिस्तानातले मनोविकारतज्ज्ञ आतिफ रहमान यांनी रावळपिंडीजवळच्या खेड्यांत निराळा मार्ग धरला. तिथल्या लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे आपल्या आशाताईंच्या जातीच्या कार्यकर्त्या. घरोघरी जाऊन आईच्या मनातले नकाराचे विचार ओळखायचे, ते बदलायला छोटी कामं द्यायची आणि घरच्यांनाही त्यात ओढायचं, एवढं त्यांना शिकवलं. २००८मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी साध्या भेटींच्या गटात ५३ टक्के आया अजून डिप्रेशनमध्ये होत्या, या गटात २३ टक्के. पुढं गोव्यात हीच पद्धत शेजारपाजारच्या सामान्य बायकांना शिकवून पाहिली. तिथं त्यांना ‘सखी’ म्हणत. २८० बायकांच्या त्या चाचणीत फायदा बेताचा निघाला, पण बऱ्या झालेल्या आया सखीच्या गटात जास्त होत्या. औषध लागेल तिथं औषध दिलंच पाहिजे; नेहमीच्या गोळ्या आपल्याकडे स्वस्त आहेत आणि त्यांतल्या काही अंगावर पाजतानाही घेता येतात. पण बोलणाऱ्या माणसालाही औषधासारखंच चाचणीतून जावं लागतं, आणि ते त्यातून उतरलं आहे.

आता महाराष्ट्राची एक लाज. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांमध्ये ‘पिशवी काढलेल्या’ किती, हे पाहायला २०१९मध्ये राज्य शासनानं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा पडला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा. अशा ठिकाणी पाळी ही कामातली अडचण ठरते, आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारीला कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवली जाते. या बातमीची चर्चा गर्भाशयापाशी थांबली. मी ती मेंदूपर्यंत नेऊ इच्छिते. नुसती पिशवी काढून बीजांडकोश ठेवले तरी त्यांचं काम काही वर्षं आधी थंडावतं असं आढळलं आहे. बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात जातं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वॉल्टर रॉका यांनी अशा बायकांचा दीर्घ पाठपुरावा केला. पाळी जाण्याआधी बीजांडकोश गमावलेल्यांत पुढं विस्मृतीचा धोका वाढलेला होता, आणि शस्त्रक्रिया जितकी लवकर तितका तो अधिक. ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. चिंता आणि उदासीनताही या बायकांमध्ये जास्त आढळली. बीडच्या त्या १३,८६१ जणींपैकी कुणाचे बीजांडकोश गेले, कुणाची झोप उडाली, कुणाचं मन खचलं, हे विचारणारा पाठपुरावा झाला पाहिजे. बॅटीनं बाईचं मन ठीक करायला बीजांडकोश कापले. आपण उसाचा हंगाम बुडू नये म्हणून पिशवी काढली, आणि मनाचा विचारही केला नाही.

पाळी जाण्याच्या वयाबद्दल थोडक्यात. अंगातून अचानक वाफा निघणं, घाम फुटणं, रात्री दचकून उठणं, हे सारं त्वचेचं किंवा स्वभावाचं वाटतं. ते मेंदूत सुरू होतं. शरीराचं तापमान राखणाऱ्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्यावर फुगतात आणि अतिउत्साही होतात, हे नाओमी रान्स यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंवर दाखवलं. त्या पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे हार्मोनविरहित औषध २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. या वयात पहिल्यांदाच डिप्रेशन आलेली बाई ‘आता वयच झालं’ म्हणत गप्प बसते. तिनं बसू नये.

हे सगळं ऐकून करायचं काय?

धोक्याची गोष्ट आधी. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत तीव्र मनोविकार जडतो. झोप अजिबात उडते, बोलणं भरकटतं, भास होतात, बाळाबद्दल विचित्र संशय येतात. त्याला बाळंतवात म्हणा, बाहेरचं म्हणा. नाव काहीही द्या, पण तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हा तातडीचा आजार आहे, आणि वेळेत उपचार झाले तर बाई पूर्ण बरी होते. तिला बाळापासून तोडायचीही गरज नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणं उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विभागीय मनोरुग्णालयात असा कक्ष का नसावा?

दुसरी गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७मध्ये एडिंबरोमध्ये दहा प्रश्नांची यादी तयार केली. ती भरायला पाच मिनिटं पुरतात. गरोदर बाईच्या केसपेपरवर आपण वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहितो. त्याच कागदावर ही दहा उत्तरं गरोदरपणात एकदा आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या वेळी एकदा लिहिता येतील. आई त्या दिवशी केंद्रात आलेलीच असते. ज्यांना आजच बोलायचं आहे त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

तिसरी गोष्ट संशोधनाची. आज मी सांगितलेले बहुतेक मेंदू अमेरिकेतले आणि युरोपातले आहेत. वीस वर्षांची, अंगात रक्त कमी असलेली, दुसरी मुलगी झालेली, माहेरी सव्वा महिना काढून परतलेली बाई त्यांत नाही. आपल्याकडे संगातनं तिचं घर मोजून दाखवलं. बेथेस्डासारख्या प्रयोगशाळांनी तिच्यासारखीचं शरीर मोजलं. एकाच बाईचं दोन्ही मोजणारा अभ्यास आपल्या मातीत उभा राहणं हे पुढच्या पिढीचं काम आहे. त्यासाठी अब्जावधींचं यंत्र लागतंच असं नाही. रक्ताचा नमुना, दहा प्रश्न, घरी जाणारी आशाताई आणि पाच वर्षं न सोडलेला पाठपुरावा, एवढ्यावर सुरुवात होते.

या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांना माझी एक मागणी आहे. बाईंच्या नावानं तुम्ही दरवर्षी एक व्याख्यान करता. यंदापासून तालुक्यातल्या सगळ्या प्रसूतिगृहांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना त्या दहा प्रश्नांचे मराठी कागद छापून द्या, आणि वर्षाअखेरीस किती कागद भरले गेले याचा आकडा याच व्यासपीठावरून जाहीर करा. पुढच्या वर्षीच्या वक्त्याला त्या आकड्यापासून बोलायला सुरुवात करता येईल.